चुन्याचं बोट

सन २०१७. मी चौसष्ट वर्षांचा होतो, आणि नदीपलीकडच्या एका संस्थेतली प्रोफेसरांची प्रयोगाची खोली राहणार की जाणार, याचा निकाल त्या वर्षी लागायचा होता. त्या खोलीशी तुमचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. माझं मंडईच्या मागे मटणाचं दुकान. शिक्षण चौथी. पाचवीत मास्तरांशी पटलं नाही. ते शाळा सोडेनात, म्हणून मी सोडली. पण त्या खोलीत जेवढी हृदयं आली ती सगळी माझ्या दुकानातून गेली. एवढा संबंध मला पुरतो.

प्रोफेसर म्हणजे उंच, वाळका, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. राहायला शनिवार पेठेत. चातुर्मासात कांदासुद्धा तोंडात घालायचे नाहीत. आणि हा माणूस माझं शटर वर जायच्या आधी पायरीशी येऊन उभा. हातात रुंद तोंडाचा थर्मास, त्यात बर्फ, आणि बर्फात त्यांनी स्वतः बनवलेलं कसलंसं पाणी. पहिल्या दिवशी आले तेव्हा म्हणाले, बोकडाचं हृदय पाहिजे. मी सांगितलं, नुसतं दिल मिळत नाही, सोबत कलेजी घ्यावी लागेल.

"कलेजी नको," ते म्हणाले. "मी शाकाहारी आहे."

रांगेतली माणसं हसायची थांबेपर्यंत ते शांत उभे होते. हसण्याचा त्यांना राग नव्हता. उशिराचा होता. हृदय ताजं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आता मला कुणी ताजेपणा शिकवावा हे मला खपत नाही. मी म्हटलं, सकाळचा माल आहे, अजून काय ताजं पाहिजे? तर म्हणाले, आपण मेलो हे हृदयाला कळायच्या आत ते बर्फात पडलं पाहिजे. मी उभा जन्म या धंद्यात काढला, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. मी द्यायचं ठरवलं ते केवळ, याला समोरच्या दुकानात कुणी उभं करणार नाही, म्हणून.

त्यांचे नियम पुष्कळ. हृदय ओंडक्यावर ठेवायचं नाही. फडक्याने पुसायचं नाही. तराजूत टाकायचं नाही. माझ्या हातातून थेट थर्मासमध्ये. झाकण लागलं की मान तुकवायचे आणि स्कूटरला किक मारायचे. कधी "येतो" म्हणाले नाहीत. ‘नाही येणार’ असं म्हटलंय का, असा उलटा प्रश्न त्यांनी मला एकदा केला होता.

रोज मटणाच्या दुकानात दिसणारा माणूस पेठेत लपत नाही. त्यांच्या सोसायटीच्या चेअरमननी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, तुम्ही खाता म्हणे. प्रोफेसर म्हणाले, "खात नाही. कापतो." त्यानंतर सोसायटीत त्यांना कुणी काही विचारलं नाही. पार्किंगचंसुद्धा नाही. हे मला त्या चेअरमननीच सांगितलं. तेही माझंच गिऱ्हाईक, फक्त ते मागच्या दाराने यायचे आणि पिशवी काळी आणायचे.

संस्थेला पावती लागायची. मी पावतीवर ‘मटण’ लिहायचो. त्यावर ते चिडायचे आणि ‘हृदय’ लिहून घ्यायचे. पुढे हिशेब खात्याने ती सगळी हृदयं अल्पोपाहारात धरली आणि वर्षाच्या शेवटी विचारणा केली की एकाच विभागाचा अल्पोपाहार इतका कसा. यांनी कळवलं की विभागात मी एकटा आहे आणि मला भूक कमी लागते. त्यावर खात्याचं समाधान झालं. समाधान व्हायला तिथे कारण लागत नसे, उत्तर लागे.

ते त्या हृदयाचं करायचे काय, हे मी पुष्कळ दिवस विचारलं नाही. न विचारलेलंही ते सांगायचेच. हृदयाच्या आतल्या कोपऱ्यातून ते मांसाचा एक बारीक धागा सोडवायचे, केसासारखा. साबणाच्या जातीच्या कसल्याशा पाण्यात भिजवून त्याचा वरचा पापुद्रा काढायचे. मग त्याची दोन टोकं दोन आकड्यांना अडकवायची. एक आकडा घट्ट, दुसरा ओढ मोजणारा. आणि त्या धाग्याला वेगवेगळ्या पाण्यात न्हाऊ घालायचं. एका पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, त्यात धागा झोपतो. दुसऱ्यात मोजून घातलेलं कॅल्शियम. त्यात गेला की तो आकसतो, आकडा ओढतो. किती कॅल्शियमला किती ओढ, एवढंच त्यांना पाहिजे होतं. एवढ्यावर माणसाचा जन्म जातो, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

"मालक, हृदयात काही नसतं," ते म्हणायचे. "दोन जातीच्या दोऱ्या असतात. कॅल्शियम आलं की एकमेकींना धरून सरकतात. गेलं की सोडतात. बाकीचं सगळं गाणाऱ्यांनी घातलेलं आहे."

हे ते रांगेत उभ्या असलेल्या नव्या नवरा-बायकोसमोर म्हणायचे.

रांगेतल्या बायकांनी मात्र त्यांना डॉक्टर करून टाकलं. कॅल्शियमच्या गोळ्या चालतील का, पायाचं सूप प्यावं का, गुडघे दुखतात. त्यांनी एकीला समजावून सांगितलं की हाडांचं कॅल्शियम हा वेगळा कारभार, हृदयाच्या आतलं वेगळा, आणि आपण फक्त दुसऱ्याबद्दल बोलू शकतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे सूप पिऊ ना? ते म्हणाले, "प्या. पण माझ्या नावावर पिऊ नका."

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, आणि ते कधी मिटलं नाही. नुकत्याच कापलेल्या मांसावर मीठ टाकलं की ते थरथरतं, उडतं. आमच्या धंद्यात हे पोरासोरांना ठाऊक. माझे वडील म्हणायचे, अजून जीव आहे त्यात, म्हणून हळू हात लाव. मी हे प्रोफेसरांना दाखवलं तर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी रांगेसमोर पुन्हा करायला लावलं. दोन घरंदाज बायका पिशव्या घेऊन निघून गेल्या. मग मला म्हणाले, मीठ फक्त दार ठोठावतं, आतलं कॅल्शियम सुटतं आणि मांस आकसतं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही कॅल्शियम म्हणता तोच जीव. म्हणाले, "जिवाचं मला माहीत नाही. तो माझ्या टेबलावर कधी आला नाही." मी म्हटलं, तुमच्या टेबलावर येईल कशाला, तो तर माझ्याकडेच संपतो. यावर ते थर्मासचं झाकण लावून निघाले. तेवढ्यापुरता मी जिंकलो, असं माझं अजून मत आहे.

माझा धाकटा भाऊ हार्टने गेला, तेव्हा ते भेटायला आले. लोक येत होते, देवाची मर्जी म्हणत होते, चहा पीत होते. हे सतरंजीवर मांडी घालून बसले आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारलं. मी सांगितलं, हृदय कडक झालं होतं. तर सगळ्यांसमोर समजावायला लागले की आकसायला तेवढी अडचण नसते, सुटायला असते. धरलेलं सोडायला त्या दोऱ्यांना इंधन लागतं, ते संपलं की त्या धरलेल्या तशाच राहतात. तुमच्या दुकानात मांस ताठरतं ते त्यामुळेच. मृताच्या घरात मटणाची गोष्ट काढली म्हणून आमचे पाहुणे उठायला लागले. मलाही संताप आला होता. पण तेरा दिवसांत आलेल्यांपैकी माझ्या भावाला नक्की काय झालं ते फक्त या माणसाने सांगितलं. बाकीच्यांनी देवावर टाकून चहा घेतला.

जाताना दारात म्हणाले, "धरून ठेवायला ताकद लागत नाही, मालक. सोडायला लागते." मला वाटलं, हा मला टोमणा आहे. अजूनही वाटतं. कारण त्याच महिन्यात मी भावाच्या हिश्शाच्या गाळ्यावरून भावजयीशी बोलणं सोडलं होतं, आणि ते यांना कुठून कळलं मला माहीत नाही. मी पुढे बोललो तिच्याशी. त्यांच्यामुळे नाही. माझं मला वाटलं म्हणून.

तर खोलीचं.

संस्थेला ती खोली पाहिजे होती. तिथे ‘नवकल्पना केंद्र’ करायचं होतं. नवकल्पना कोणत्या ते अजून ठरलं नव्हतं, पण खुर्च्यांचा रंग ठरला होता. प्रोफेसर निवृत्तीला आलेले, हाताखाली कुणी नाही, यंत्र जुनं. तरी एक संधी द्यायची म्हणून दिल्लीहून एक मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर धागा आकसून दाखवायचा. साहेबांनी पसंतीचा शेरा मारला तर खोली राहील, नाहीतर महिनाअखेर रिकामी करायची. हे सगळं मला स्वतः प्रोफेसरांनी सांगितलं, आणि सांगताना थर्मासचं झाकण ते पुन्हापुन्हा लावत होते. खोली गेली तर काय कराल, असं मी विचारलं. म्हणाले, "वाचन." जसं एखादा म्हणेल, खाटेवर पडून राहीन.

संस्थेचे कार्यालय अधीक्षक फार नियमाचे. त्यांनी फर्मान काढलं की हृदय जिथून येतं तो पुरवठादार परवान्यासह हजर पाहिजे. म्हणून मी गेलो. दुकान मुलावर टाकलं, पांढरा सदरा घातला, टोपी घातली, परवाना काचेच्या फ्रेमसकट बगलेत मारला. तो शेवटपर्यंत कुणी बघितला नाही. प्रोफेसर पहाटेच हृदय घेऊन गेले होते. मी पोचलो तेव्हा धागा आकड्यांवर चढलेला, आणि ते त्याच्याकडे असे बघत होते, जसा बाप परीक्षेला बसलेल्या पोराकडे खिडकीतून बघतो.

मला त्यांनी दुर्बिणीसारख्या नळीतून दाखवलं. मांसावर अशा बारीक आडव्या रेघा असतात हे मला माहीत नव्हतं. एकीशेजारी एक, वहीच्या पानासारख्या. मांस मी जन्मभर पाहिलं, पण वरूनच. हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, ठीक आहे.

दिल्लीचे साहेब आले. गोरेपान, घाईतले, प्रत्येक वाक्याला "बहुत बढ़िया" म्हणणारे. मागे अधीक्षक. अधीक्षकांनी बाहेर व्हरांड्यात तंबाखू मळली होती, हे मी येताना पाहिलं होतं. साहेब येताच ती गालात सारून ते आत आले, हात झटकून. प्रोफेसरांनी समजावलं. डावीकडचं पाणी झोपेचं, उजवीकडचं कॅल्शियमचं. पडद्यावर हिरवी रेषा आहे, धागा झोपलाय तोवर ती आडवी राहील. आत्ता धागा डावीकडच्या पाण्यात आहे. आता मी—

साहेबांना धागा दिसेना. त्यांनी मान वाकडी केली, चष्मा वर केला. तेव्हा अधीक्षकांना वाटलं की मदत करावी. त्यांनी बोट पुढे केलं, "हा काय सर, हा इथे," आणि बोटाचं टोक डावीकडच्या पाण्यात बुडालं.

रेषा उठली. आडवी होती ती पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढल्यासारखी वर गेली आणि वरच राहिली.

साहेब म्हणाले, वाह, प्रोफेसरसाब, वाह. अधीक्षकांनी पहिल्यांदा टाळी वाजवली. साहेबांनीही वाजवली. मीही वाजवली, कारण खोली राहिली होती. साहेबांनी खिशातून पेन काढलं होतं.

प्रोफेसर टाळ्यांकडे बघत नव्हते. ते अधीक्षकांच्या बोटाकडे बघत होते. मी त्यांच्या शेजारीच होतो. मी हळूच म्हटलं, सर, हो म्हणा. एवढंच म्हटलं.

"हे माझं नाही," प्रोफेसर म्हणाले. "हा यांच्या बोटाचा चुना आहे."

अधीक्षकांनी बोट मुठीत घेतलं. साहेबांना वाटलं हा पुणेरी विनय असावा, ते हसले. मग त्यांना समजावून सांगण्यात आलं. त्यावर ते म्हणाले, चुना म्हणजे कॅल्शियमच ना, मग तुमचं म्हणणं सिद्धच झालं की. माणूस हुशार होता. त्याने सुटायला दार उघडून दिलं होतं, फक्त बाहेर पडायचं होतं.

"किती गेलं ते मला माहीत नाही," प्रोफेसर म्हणाले. "किती ते माहीत नसेल तर आपण पाहिली ती नुसती उडी. मांसावर मीठ टाकलं तरी ते उडतं. हे मालक दुकानात दाखवतात. त्याला खोली लागत नाही."

"लागत नाही?" साहेबांनी विचारलं.

"उडीला नाही लागत. मोजायला लागते."

तोवर धागा आकड्यावरून तुटून आला होता. प्रोफेसरांनी तो चिमट्याने उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, दुसरा धागा चढवतो, तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबाल का? साहेबांचं जेवण ठरलेलं होतं, त्यानंतर विमान. ते म्हणाले, आपण असं लिहू, प्रयोग यशस्वी. प्रोफेसर म्हणाले, लिहू नका. साहेबांनी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पेन पुन्हा खिशात ठेवलं. त्या पेनबरोबर खोलीही गेली, हे चौथी शिकलेल्यालाही कळत होतं.

सगळे जेवायला गेले. प्रोफेसर बशा धूत बसले. मी परवान्याची फ्रेम टेबलावर ठेवली आणि जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, एक हो म्हटलं असतंत तर काय झिजलं असतं? खोटं तर तुम्ही बोलतच नव्हता, चुन्यातही तेच आहे, साहेब स्वतः म्हणाले. लोक खोलीसाठी काय काय करतात या शहरात, आणि तुम्हाला कुणी बसल्या जागी देत होतं. मी पांढरा सदरा घालून कशाला आलो? माझी सगळी हृदयं वाया घालवलीत तुम्ही.

ते बशी पुसत म्हणाले, "आणि उद्या कुणी म्हणालं, पुन्हा दाखवा, तर? त्यांचं बोट घेऊन हिंडू का?"

"उद्या कोण विचारतंय सर?"

"मी."

मी फ्रेम बगलेत मारली आणि निघालो. ‘येतो’ म्हटलं नाही. रिक्षात बसून मी पुलापर्यंत त्यांना शिव्या दिल्या, पुलानंतर अधीक्षकांना, आणि मंडई आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की अधीक्षकांना शिव्या देणं सोपं जातंय. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, शिकलेली माणसं अशीच असतात. मी म्हटलं, सगळी नसतात. दिल्लीचाही शिकलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तर प्रोफेसर पायरीशी उभे. खोली महिनाअखेरपर्यंत त्यांचीच होती, आणि तोवर धागे चढवायचे त्यांनी ठरवलं होतं. मी हृदय दिलं. झाकण लागलं. स्कूटर निघून गेली.

त्या सकाळचा बोकड जून निघाला होता. असं होतं कधीकधी. बाजारात दात बघून घ्यावा तरी हात लावल्यावरच कळतं. रांग चांगली लागली होती. खडकवासल्याहून माझ्याकडे एक निवृत्त सुभेदार येतात, आवाज अजून परेडचा. त्यांच्या एका वाक्याने माझी रांग वाढते, हे समोरच्या दुकानदारालाही ठाऊक आहे. ते आले, टांगलेल्या मांडीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मालक, तुमच्यासारखं कोवळं मटण अख्ख्या पुण्यात नाही."

मुलाने तोलायला सुरुवातही केली होती. मला काहीच बोलावं लागणार नव्हतं. वजन माझं चोख, भाव माझा फळ्यावर. कोवळं मी म्हटलं नव्हतं, ते म्हणाले होते. नुसती मान हलवून पिशवी पुढे करायची. मी सुरी हातात घेऊन उभा राहिलो आणि ती मान काही केल्या हलेना. मला त्या वाळक्या माणसाचा असा राग आला की काय सांगू.

"आज नाही," मी म्हटलं. "आज जून आहे. न्यायचं तर शिट्या वाढवा."

सुभेदारांना वाटलं थट्टा आहे. मी पुन्हा सांगितलं. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आदल्या दिवशी प्रोफेसरांकडे पाहिलं असेल. सुभेदारांनी पिशवीची घडी घातली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं गेले.

पुढच्या बाईंना रांगेत मागे असल्यामुळे नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी अर्धा किलो मागितलं. मी त्यांना आधी सांगितलं, मग तराजू हातात घेतला.